बदकाची पिल्लं अंड्यातून सुखरूप बाहेर यावीत म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कुडाळ तालुक्यात राहते, घरामागे खाकी कॅम्पबेल आणि थोडी मस्कोव्ही बदकं आहेत, आणि पिल्लं काढायला लागल्यापासून ओळखीचे-अनोळखी सगळे रात्री-अपरात्री फोन करून तेच ते विचारतात, बहुतेक वेळा अंड्याला भोक पडलेलं असतं आणि माणूस घाबरलेला असतो. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. ज्यांचं अंडं आत्ता फुटायला आलंय त्यांनी सरळ खाली "भोक पाडलंय पण" या प्रश्नावर जा, बाकीचं नंतर वाचा.

बदकाची अंडी पण २१ दिवसांतच फुटतात ना?

नाही, २१ दिवस कोंबडीचे. खाकी कॅम्पबेल, पांढरी पेकिन, रनर, आपली गावठी बदकं, सगळ्यांना २८ दिवस लागतात आणि मस्कोव्हीला ३५. बरेच जण २१ मोजतात, बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी "काहीच हालचाल नाही" म्हणून एक अंडं फोडून बघतात, आणि आत चांगलं जिवंत पिल्लू असतं. खूप वाईट वाटतं तेव्हा. मोजताना ज्या दिवशी अंडी ठेवली तो दिवस शून्य धरा, दुसरा दिवस एक. तारीख अंड्यावर पेन्सिलने लिहा, मार्करने नको.

आमचं बदक अंडी घालतं आणि निघून जातं, बसतच नाही. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही. खाकी कॅम्पबेल ही जात इंग्लंडमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी १९०० च्या आसपास तयार केली ती भरपूर अंडी मिळावीत म्हणून, नीट सांभाळलं तर वर्षाला ३०० च्या घरात अंडी देते, पण अंड्यांवर बसायची सवय या जातीत जवळजवळ राहिलीच नाही. रनरचंही तसंच. मस्कोव्ही मात्र छान बसते, दुसऱ्याची अंडी दिली तरी बसते.

मग खुडूक कोंबडीखाली ठेवली तर चालतील का?

चालतील, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला मी हेच सांगते. आमच्या सासूबाई आयुष्यभर असंच करत आल्या, जुन्या टोपलीत भाताचं गवत, त्यावर सात-आठ अंडी आणि त्यावर कोंबडी. बदकाचं अंडं मोठं असतं त्यामुळे एका गावठी कोंबडीखाली तेवढीच मावतात, जास्त घातली की कडेची थंड पडतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, अंडं जड असल्यामुळे कोंबडीला ते नीट फिरवता येत नाही, म्हणून ती दाणे खायला उठली की आपण हाताने पलटायचं. दुसरं, बदक पाण्यातून ओल्या पिसांनी परत येऊन बसतं, कोंबडी कोरडी असते, म्हणून शेवटच्या आठवड्यात दिवसातून एकदा कोमट पाण्याचा हात अंड्यांवर शिंपडायचा. सासूबाई तांब्यात बोटं बुडवून देवावर पाणी शिंपडतात तसं शिंपडायच्या. एखादी कोंबडी २१ दिवसांनी कंटाळून उठते, तेव्हा दुसरी खुडूक किंवा इन्क्युबेटर (अंडी उबवायचं मशीन) तयार ठेवा. आणि बसवायच्या आधी कोंबडीच्या अंगावर पिसवा नाहीत ना ते बघा, नाहीतर ती मधेच अंडी सोडून जाते.

कुठली अंडी ठेवायची? धुवायची का?

नर कळपात असेल तरच अंडं फलित असणार, पाच-सहा माद्यांना एक नर पुरतो. सात दिवसांपेक्षा जुनं नको, तडा गेलेलं नको, फार मोठं किंवा वेडंवाकडं नको. ठेवेपर्यंत घरातल्या थंड जागी निमुळतं टोक खाली करून ठेवा, फ्रीजमध्ये नको. धुवायचं म्हणाल तर मी धुत नाही, कोरड्या खरबरीत कापडाने पुसते, आणि चिखलाने माखलेलं असेल तर ते खायला वापरते. घाण अंडं इन्क्युबेटरच्या उबेत आतून सडतं आणि फुटलं तर सगळ्या बॅचला वास आणि जंतू लागतात. बदकं पहाटे अंडी घालतात म्हणून सकाळी लवकर गोळा करायची, तेवढ्यानेच निम्मा प्रश्न सुटतो.

थर्माकोलच्या बॉक्सचं घरगुती इन्क्युबेटर चालेल का? तापमान किती?

चालतं, माझी पहिली बॅच त्यातच निघाली. पंखा असेल तर ३७.५ डिग्री सेल्सिअस म्हणजे ९९.५ फॅरेनहाइट, पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या बाजूला मोजून साधारण ३८.५. फक्त त्या स्वस्तातल्या थर्मोस्टॅटच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, तो एखाद-दीड डिग्री सहज चुकतो. घरात ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर असतोच, त्याने ताडून बघा. तापमान थोडं कमी राहिलं तर पिल्लू एक-दोन दिवस उशिरा येतं, पण जास्त झालं तर मरतं, म्हणून चुकायचंच असेल तर कमीच्या बाजूने चुका.

विदर्भातून एप्रिल-मेमध्ये फोन येतात की बल्ब बंद आहे तरी आतलं तापमान ४० दाखवतंय. बरोबर आहे, खोलीच ४२ ला असेल तर मशीन काय करणार, त्याला गरम करता येतं, गार करता येत नाही. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत कूलर लावून ठेवा, किंवा खरं सांगायचं तर त्या दोन महिन्यांत अंडी ठेवूच नका.

ह्युमिडिटी (मशीनमधल्या हवेचा ओलावा) किती ठेवायची? सगळे वेगवेगळं सांगतात.

इथेच सगळ्यात जास्त पिल्लं जातात म्हणून जरा सविस्तर सांगते. पुस्तकी आकडा पहिले २५ दिवस ५५ ते ६० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ७० च्या वर. पण आकड्यामागचं कारण कळलं पाहिजे. अंड्यातलं पाणी कवचातून हळूहळू उडून जायला हवं, म्हणजे रुंद टोकाकडचा हवेचा कप्पा मोठा होतो आणि पिल्लू पहिला श्वास त्या कप्प्यात घेतं. पाणी कमी उडालं तर कप्पा लहान राहतो, पिल्लू फुगलेलं, ओलं, त्याला आत वळायलाही जागा नाही, आणि श्वास घ्यायच्या वेळी नाकात पाणी जाऊन आतच गुदमरतं. जास्त उडालं तर पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो आणि त्याला हलता येत नाही.

माझी दुसरी बॅच मी जुलैमध्ये ठेवली होती. कुठेतरी ऐकलं होतं की बदकाला पाणी जास्त लागतं, म्हणून ट्रे काठोकाठ भरलेला, बाहेर कोकणातला पाऊस धो धो, आणि सव्वीस-सत्ताविसाव्या दिवशी आवाज येता येता एकेक अंडं गप्प झालं. नंतर उघडून बघितलं तर पूर्ण वाढलेली पिल्लं, चोची कप्प्यापर्यंत पोचलेल्या आणि सगळं पाणी पाणी. अकरा होती. तेव्हापासून पावसाळ्यात मी पंचविसाव्या दिवसापर्यंत ट्रेमध्ये थेंबभरही पाणी घालत नाही, इथली हवा मशीनमध्ये तापली तरी पाण्याशिवाय आकडा ४५-५० ला असतो आणि तेवढ्यावर माझ्याकडे पिल्लं छान येतात. उलट अकोला, नागपूरकडे उन्हाळ्यात तीच हवा आत गेली की २० च्याही खाली येते, तिथे दोन ट्रे भरूनसुद्धा कमी पडतं. म्हणजे मुंबईच्या माणसाने सांगितलेला पाण्याचा हिशोब लातूरला चालणार नाही.

त्यामुळे आकड्यापेक्षा वजन करा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. अंड्याचं वजन पंचविसाव्या दिवसापर्यंत साधारण १३ टक्के उतरायला हवं, म्हणजे ७० ग्रॅमचं अंडं ६१ च्या आसपास यायला हवं. आठवड्याला एकदा वजन करून त्याच अंड्यावर लिहीत जा, उतरत नसेल तर पाणी काढा, फार उतरत असेल तर वाढवा. ह्युमिडिटीचा मीटर खरा दाखवतो का ते बघायचं असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ थोड्या पाण्याने ओलं करून मीटरसोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद करून ठेवा, सकाळी ७५ दाखवायला हवं, जितका फरक तितका तुमचा मीटर चुकतोय.

टॉर्च मारून कधी बघायचं?

सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी आणि पंचविसाव्या दिवशी. रोज रोज नको. अंधारात मोबाईलचा टॉर्च रुंद टोकाला लावा, सातव्या दिवशी कोळ्यासारख्या लाल रेषा आणि मध्ये हलणारा ठिपका दिसला की अंडं चालू आहे. नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर फलित नव्हतं, लाल गोल कडं दिसलं तर पिल्लू सुरुवातीलाच गेलंय, ते काढून टाका.

लाईट गेली तर?

झाकण उघडू नका, हे पहिलं. मशीनवर गोधडी टाका पण हवेची भोकं पूर्ण बंद करू नका. दोन-तीन तासांत काही होत नाही, पिल्लं मोठी झालेली असतील तर त्यांची स्वतःचीही ऊब असते. त्याहून जास्त वेळ जाणार असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून आत कडेला ठेवा, अंड्याला टेकवून नको. आमच्याकडे पावसात तार तुटली की रात्रभर लाईट नसते, शेवटी मी एक छोटा इन्व्हर्टर त्यासाठीच घेतला.

पंचविसाव्या दिवशी नेमकं काय करायचं?

अंडी फिरवणं बंद, आडवी ठेवायची, खाली खरबरीत कापड किंवा जाळीची मॅट घालायची, पाणी वाढवायचं आणि मशीन चालू ठेवून झाकण लावून सोडून द्यायचं. मस्कोव्हीचं हे एकतिसाव्या-बत्तिसाव्या दिवशी. टॉर्चमध्ये हवेचा कप्पा एका बाजूला कललेला दिसेल, कड सरळ राहणार नाही, ते चांगलं लक्षण. मग एक-दोन दिवसांत कप्प्यात सावली हलते, ती चोच. त्याच वेळी अंडं कानाला लावलं तर आत टक टक आणि बारीक शिट्टीसारखं चिवचिव ऐकू येतं. हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी अंडं हातात धरून किती वेळ तशीच बसले होते.

आतून आवाज येतोय, पण बाहेर काहीच नाही. एक दिवस झाला.

आतला पडदा फोडल्यापासून कवचाला बाहेरून तडा जाईपर्यंत बारा ते चोवीस तास सहज जातात, कधी त्याहून जास्त. कप्प्यातली हवा वापरून होते, कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्यानेच मानेचा स्नायू झटके देतो आणि चोचीवरचा तो पांढरा टोकदार दाणा कवचावर आपटतो. म्हणजे ही घुसमट थोडी हवीच असते. पण चोवीस ते छत्तीस तास उलटले, आवाज क्षीण होत चाललाय, तरी तडा नाही, तर श्वासासाठी एक छोटं भोक करून द्या. रुंद टोकावर, टॉर्चमध्ये जिथे रिकामा कप्पा दिसतो आणि चोच नाही तिथे, स्पिरिटने पुसलेल्या जाड सुईने बोटांनी फिरवत फिरवत, दाब न देता. तांदळाच्या दाण्याएवढं भोक पुरे. मग परत आत ठेवा आणि थांबा.

भोक पाडलंय पण चोवीस तास झाले, पुढे काहीच नाही. फोडू का?

नका. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर जवळजवळ नेहमी हेच असतं. बदकाचं पिल्लू कोंबडीच्या पिल्लापेक्षा फार सावकाश येतं, पहिला तडा गेल्यापासून बाहेर येईपर्यंत २४ ते ४८ तास धरून चाला. बाहेरून ते नुसतं पडून आहे असं वाटतं, पण आत मोठं काम चालू असतं. इतके दिवस त्याचा श्वास कवचाच्या आतल्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांतून चालू होता, आता फुप्फुसं सुरू झाली आहेत, आणि पापुद्र्यातलं रक्त हळूहळू पिल्लाच्या अंगात परत जायचं असतं. शिवाय उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात ओढून घ्यायचा असतो. पिल्लू आत तोंड उघडमीट करतं, जांभई दिल्यासारखं किंवा काही चावल्यासारखं, तोवर समजा की हे काम अजून चालू आहे. ते संपायच्या आधी तुम्ही कवच काढलं तर पापुद्रा फाटून रक्त जातं, आणि एवढ्याशा जीवात रक्त असतं किती.

तोवर करायचं काय, तर ह्युमिडिटी ७० च्या वर आहे ना बघायचं, चोच आणि नाकपुड्या मोकळ्या आहेत ना बघायचं, पिल्लू चिवचिवतंय ना ऐकायचं, आणि झाकण लावून बाजूला व्हायचं. बाकीच्या अंड्यांना तडे गेले असताना तुम्ही दर अर्ध्या तासाने झाकण उघडत राहिलात तर आतली वाफ जाते आणि धडधाकट पिल्लांचे पापुद्रे सुकतात, म्हणजे एकाला वाचवायला जाऊन चार अडकतात.

मग मदत करायची तरी कधी आणि कशी?

तडा जाऊन छत्तीस तासांहून जास्त झाले आणि भोक वाढलंच नाही, किंवा गोल कापायला सुरुवात करून अर्ध्यावर सहा-आठ तास अडकलंय, किंवा भोकातून दिसणारा पापुद्रा पांढरा ओलसर न राहता पिवळा-तपकिरी, कागदासारखा कडक झालाय, तेव्हा.

खोलीतला पंखा बंद करा, हात साबणाने धुवा, वाटीत कोमट पाणी, कान साफ करायचे कापसाचे इअरबड, चिमटा आणि टॉर्च घ्या. आधी फक्त भोकाच्या कडेचं कवच, तेही हवेच्या कप्प्याच्या भागातलं, चिमट्याने एकेक तुकडा उचला. कवच उचलायचं, पापुद्रा नाही. मग इअरबड पाण्यात बुडवून पिळून पापुद्र्यावर फिरवा, सुकलेला पांढरा पापुद्रा ओला झाला की पारदर्शक होतो आणि आतलं दिसायला लागतं. आता टॉर्च धरून नीट बघा. लाल दोऱ्यासारख्या रेषा दिसल्या, अगदी एक जरी भरलेली दिसली, तरी तिथेच थांबा, अंडं परत ठेवा आणि सहा तास बघू नका. रेषा नसतील किंवा फिक्या पडून रिकाम्या झाल्या असतील तर चोचीवरचा पापुद्रा हलकेच मागे सारा, चेहरा मोकळा करा, आणि पुन्हा थांबा. पापुद्रा परत सुकू नये म्हणून खोबरेल तेलाचं एक बोट फिरवलं तरी चालतं, थंडीत ते थिजतं तेव्हा तळहातावर वितळवून घ्या. नाकपुड्यांपासून तेल आणि पाणी दोन्ही लांब ठेवा.

माझी पद्धत अशी की थोडं करायचं, दोन-तीन तास ठेवायचं, परत थोडं. डोकं आणि मान मोकळी झाली की माझं काम संपलं. खालचा अर्धा भाग पिल्लाने स्वतः पायाने ढकलून बाहेर यायचं, कारण बेंबी तिथेच असते आणि ती सुटली की नाही हे वरून कळत नाही. ओढून काढलेलं एकही पिल्लू माझ्याकडे जगलं नाही.

रक्त आलं! काय करू?

हात थांबवा. स्वच्छ कापूस किंवा चिमूटभर कॉर्नफ्लोर त्या जागी हलकेच दाबून धरा, थांबलं की परत मशीनमध्ये ठेवा आणि निदान बारा तास काही करू नका. एक-दोन थेंब गेले तर बहुतेक वेळा निभावतं.

निमुळत्या टोकाकडून भोक पाडलंय.

पिल्लू उलटं बसलंय. त्या बाजूला हवेचा कप्पा नाही आणि पाय ढकलायला जागा कमी, त्यामुळे वेळ जास्त लागतो, पण काही स्वतःच येतात. लगेच हात घालू नका, कारण तिथे रक्तवाहिन्या जास्त वेळ भरलेल्या राहतात. फक्त चोचीला हवा लागतेय ना बघा, आणि वेळ वरच्यापेक्षा थोडा जास्तच द्या.

बाहेर आलंय पण बेंबीला पिवळं काहीतरी लोंबतंय.

तो राहिलेला बलक. कापू नका, ओढू नका. ओल्या स्वच्छ टिश्यूवर एकट्याला इन्क्युबेटरमध्येच ठेवा, बाकीची पिल्लं त्यावर टोचा मारतात. बऱ्याचदा रात्रीत आत जातं. बेंबीला पोविडोन आयोडीनचा एक थेंब लावा.

पिल्लं कधी बाहेर काढायची? काही खात नाहीत.

पूर्ण सुकून पिसं मऊ होईपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर पहिला दीड-दोन दिवस निघतो, भुकेने काही होत नाही. मग बल्ब लावलेल्या खोक्यात, पहिला आठवडा ३२ डिग्रीच्या आसपास, पुढे दर आठवड्याला तीन डिग्री कमी. आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा, बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोच उघडून बसली तर गरम होतंय. खाली वर्तमानपत्र अजिबात नको, त्यावर पाय घसरून फाकतात. फाकलेच तर पहिल्या एक-दोन दिवसांत दोन्ही पाय चिकटपट्टीने खांद्याएवढ्या अंतरावर सैल बांधा, तीन-चार दिवसांत सरळ होतात.

कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य दिलं तर?

देता येतं पण त्यात बदकाला लागतं तेवढं नायसिन (एक जीवनसत्त्व) नसतं, मग पाय वाकडे होतात. खाद्यावर ब्रूअर्स यीस्ट भुरभुरा. आणि एक फार महत्त्वाचं, बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड चुकूनही देऊ नका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन बदकाच्या पिल्लांना कोंबडीपेक्षा कितीतरी लवकर मारतं. पावसाळ्यात पोतं जमिनीवर ठेवलं की चार दिवसांत खालून गुठळ्या होतात, हात घालून वास घेऊन बघत जा. पाव, बिस्कीट नको.

लगेच पाण्यात सोडू का? बदकच आहे ना.

नको. आई बसून काढलेल्या पिल्लांच्या अंगाला आईच्या पिसांचं तेल लागतं, मशीनमधल्यांना ते नसतं, भिजतात आणि गारठून मरतात. प्यायचं भांडं एवढं खोल हवं की चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल, पण पिल्लू आत जाऊ शकणार नाही. मी थाळीत गोटे घालून ठेवते.

शेताच्या बांधावर रानबदकाची अंडी सापडली, आणून उबवू का?

आणू नका. हळदी-कुंकू बदक, अडई ही आपल्याकडे पाणथळीच्या कडेला गवतात अंडी घालतात, आणि मादी जवळ दिसत नाही म्हणजे तिने सोडली असं नाही, ती चरायला गेलेली असते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अशी अंडी उचलणं गुन्हाही आहे. तेवढा गवताचा तुकडा न कापता सोडा, आणि घरटं खरंच धोक्यात असेल तर वन विभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा.

तीस दिवस झाले, दोन अंडी तशीच आहेत.

आधी कानाला लावा, मग टॉर्च मारा. हालचाल, आवाज, काहीच नसेल तर बत्तिसाव्या दिवसापर्यंत ठेवा, मस्कोव्हीची एकोणचाळिसाव्यापर्यंत. नंतर घरापासून लांब, पिशवीत घालून फोडून बघा, वास आला तर न बघताच पुरा. बघायचं हे की पिल्लू कितव्या दिवसाचं आहे, ओलं-फुगलेलं आहे की सुकून चिकटलेलं, चोच कुठे आहे. ते वहीत त्या बॅचच्या तारखेपुढे लिहा. माझ्या वहीत जुलैच्या त्या पानावर "पाणी" एवढंच लिहिलंय, खाली दोन रेघा मारून.